सीन नंबर सात

मानवतच्या मोंढ्यात, लिलावाच्या शेडखाली
खय्यूममामूंनी माझ्या नव्या डेस्कवर
एकदाच हात ठेवला होता.
आधी रुमालाने पुसला.
हात. डेस्क नाही.

त्यांचं सोळा चॅनलचं धूड तेव्हाच दुकानात
भिंतीला पाठ लावून उभं,
अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीचे थरावर थर:
पेटी, ढोलकी डावी, बाई, बाई राखीव,
आणि एका जागी नुसतंच, हात लावू नको.
तो नववा फेडर. वर ढकलला की खरखरायचा,
आत कापसाची लव बसलेली, वीस हंगामांची.
मामू त्याला नखाने टिचकी मारत,
जशी बसकण मारलेली शेळी उठवावी.
कार्यक्रम उठला की सगळी बटणं शून्यावर.
"कालचा आवाज कालच्याला दिला," म्हणत.

माझ्या डेस्कला पडदा,
बोटाने ओढली की वाकणारी हिरवी रेघ.
"आवाज बघायचा असतो व्हय रे?"
मी म्हणालो, मामू, शिट्टी कुठं वाजणार ते यात आधी दिसतं.
"वाजायच्या आधी माईक श्वास घेतो. तो दिसतो?"

तो दिसत नव्हता.
पण हेही खरं की परतूरला भर कार्यक्रमात
त्यांच्या धुडाने तासभर नुसता भुंगा सोडला होता,
आणि मी स्टेजखाली उकिडवा,
दोन बोटांत अर्थिंगची वायर धरून,
वर टाळ्या कशाला पडतायत ते न कळता.

त्या रात्री शेडमध्ये कापसाच्या गाठी
पार पत्र्यापर्यंत. उचल व्हायची होती.
अनुसयाबाई वडवणीकर गायला बसल्या.
मामूंनी पडद्याकडे बघितलंच नाही,
बघितली बाईंच्या गळ्याची शीर.
शीर ताणायच्या आत बोट केसभर खाली,
मग वर,
मग तिथंच, थरथरत, विळखा घातल्यासारखं.
मी बाजूने हात घालून सेव्ह दाबलं.
सीन सात. नाव टाकलं, मामू.
त्यांना सांगितलं नाही.

आता दोन हिवाळ्यांनी तीच शेड, त्याच बाई, तोच माईक.
मामूंचा डावा कान गेलाय, उजवा जाण्याच्या बेतात.
खुर्ची सोडून ते लोखंडी खांबाशी बसले,
खांबाला तळवा लावून.
मी सीन सात बोलावला.

फेडर आपोआप उठले, सगळे एकदम,
शाळेतल्या पोरांसारखे,
आणि थांबले नेमके मामूंच्या जागी.
अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.
बाईंनी तोंड उघडलं
आणि पहिलाच सूर पत्र्यावर आपटून
माझ्या कानशिलात परत आला.

गाठी नव्हत्या.
ट्रक मंगळवारीच गेलेले.
शेडभर नुसता गारठा आणि फरशी.
डेस्कला सगळं आठवत होतं,
कापूस सोडून.

मी पडद्यात रेघ शोधत राहिलो.
मग खांबाकडे नजर गेली.
मामूंचा तळवा लोखंडावरून खाली घसरत होता,
सावकाश, केसभर, अजून केसभर.
मी बाईंचा फेडर त्याच्यामागे नेला.
तळवा थांबला, तिथं थांबलो.
बाईंनी मान वर केली.
कुणाच्या लक्षात आलं नाही. येऊही नये.

रात्री एक वाजता पडद्याने विचारलं,
सीन सात, बदल ठेवायचे?
बोट तसंच अधांतरी.
समोर मामू माझी नवी केबल गुंडाळत होते
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
पीळ पडतो, तशी कधीच गुंडाळू नका
असं मी पोरांना रोज ओरडून सांगतो.
गुंडाळू दिली.